पेटी की पाठ?

कॅमेऱ्याचं सामान घेऊन विमानानं जायचं म्हटलं की छायाचित्रकारांत सरळ दोन तट पडतात. एक म्हणतो, जाड फोम भरलेली कडक पेटी घ्या, कड्या लावा आणि विमानाच्या पोटात जाऊ द्या. दुसरा म्हणतो, काच आणि सेन्सर डोळ्यांआड करायचेच नाहीत. जे आहे ते पाठीवर, माणसाबरोबर. दोन्हीकडे मुरलेली माणसं आहेत आणि दोघांचीही कारणं खरी आहेत.

हा वाद मी सर्वांत सविस्तर ऐकला तो एका मामा-भाचीच्या तोंडून. मामांची उमेदीची वर्षं कोल्हापुरात लग्नं, कारखान्यांचे कॅटलॉग आणि जाहिराती यांत गेली. दिवे, स्टँड आणि कॅमेरे घेऊन ते कामासाठी दुबईपर्यंत जाऊन आले आहेत. भाची स्नेहल वन्यजीवांचे फोटो काढते. तिला काझीरंग्याला जायचं होतं. कोल्हापूरहून छोट्या विमानानं हैदराबाद, तिथून गुवाहाटी आणि पुढे रस्त्यानं. सोबत निकॉनचे दोन कॅमेरे आणि कर्ज काढून घेतलेली ६०० मिमीची लेन्स. ती लेन्स कुठं ठेवायची, इथून बोलणं सुरू झालं.

मामा : माझी पेटी घेऊन जा. फोम कापून आत प्रत्येक वस्तूची जागा केलीय. बंद केली, काउंटरवर दिली की तुझे हात मोकळे. रांगेत पाठ दुखत नाही, वरच्या कप्प्यात जागा मिळेल का ही धाकधूक नाही. पाठीवरची बॅग म्हणजे प्रवासभर जिवाला घोर.

स्नेहल : हात मोकळे होतात, मामा, पण पेटी पट्ट्यावरून आत गेली की पुढचं काहीच दिसत नाही. पट्ट्यावरून घसरणार, ट्रॉलीत पडणार, ट्रॉलीतून विमानाच्या पोटात. विमान थांबणार थोडा वेळ आणि सामान ढीगभर. तिथं राबणाऱ्या माणसाला माझ्या पेटीत काच आहे की चादरी आहेत, हे कळणार कसं?

मामा : त्याला कळायची गरजच नाही. पेटी आपटणार हे धरूनच भरायची असते.

स्नेहल : पेटी फुटत नाही, हे मान्य. पण धक्का आत जातोच ना?

मामा : तो किती जातो, हे फोमवर आहे. लोक पेटीवर हजारो रुपये घालतात आणि फोम कसातरी कापतात. वस्तू आणि वस्तूच्या मध्ये निदान दोन बोटं फोम पाहिजे. तळाला आणि झाकणाला त्याहून जास्त. फोम लई घट्ट असला तर धक्का सरळ लेन्सपर्यंत पोचतो. लई मऊ असला तर जड लेन्स दबत दबत तळाला टेकते आणि फोम असून नसल्यासारखा. म्हणून जड वस्तूखाली घट्ट आणि हलक्या वस्तूखाली मऊ, असा वेगवेगळा लावायचा. मग पेटी बंद करून हलवायची. आतून बारीकसा आवाज आला तरी परत उघडायची.

स्नेहल : आणि लेन्स बॉडीला लावलेली?

मामा : कधीच नाही. पेटीत नाही आणि तुझ्या पाठीवरच्या बॅगेतही नाही. सव्वातीन किलोची लेन्स त्या धातूच्या कड्याला लटकलेली असली आणि पेटी आडवी आपटली, की सगळा पीळ माउंटवर येतो. माउंटचे स्क्रू बारीक असतात. ते तुटले नाहीत तरी कडं किंचित तिरकं होतं आणि मग फोटोच्या एका बाजूला धार येत नाही. ते तुला इथं दिसायचं नाही, काझीरंग्यात दिसेल.

या मुद्द्यावर दोघांचं भांडण नव्हतं आणि कुणाचंच असू नये. लेन्स काढायची, दोन्ही टोकांना कॅप लावायची, बॉडीलाही कॅप लावायची, हूड उलटा बसवायचा. पुढे फिल्टर असेल तर तो काढून डबीत ठेवायचा. पुढून मार बसला की फिल्टरची कडा चेपते आणि आट्यांत अशी अडकते की दुरुस्तीवाल्याकडेच निघते. स्नेहलनं यात एक भर घातली, ती अनेकांना ठाऊक नसते. लेन्स काढण्याआधी कॅमेरा बंद करायचा. कंपन रोखणाऱ्या लेन्समध्ये काचेचा एक गट तरंगता असतो आणि आजच्या बहुतेक मिररलेस कॅमेऱ्यांत सेन्सरही तरंगता असतो. कॅमेरा नीट बंद केला की अनेक लेन्समध्ये तो गट जागेवर अडकतो. चालू कॅमेऱ्यावरून लेन्स ओढून काढली तर तो मोकळाच हिंदकळत राहतो. तिच्याकडच्या निकॉन झेड ९ मध्ये तर सेन्सर अडकवून ठेवणारी यांत्रिक खिट्टीच आहे.

स्नेहल : पण मामा, धक्का हा एकच धोका नाही. पेटी हरवली तर?

मामा : हरवली तर भरपाई असतेच की.

स्नेहल : किती असते, ते बघितलंत कधी? देशातल्या प्रवासात सामान हरवलं, मोडलं, उशिरा आलं, तर कंपनीवरची कमाल जबाबदारी माणशी २०,००० रुपये. माझी लेन्स दहा लाखांच्या पुढची आहे. परदेशी जाताना मॉन्ट्रियल करार लागू होतो. त्यातली मर्यादा डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर (नाणेनिधीचं हिशेबी एकक) झाली, म्हणजे दोन लाखांच्या आतबाहेर. त्यातही बहुतेक कंपन्यांच्या प्रवासाच्या अटींत लिहिलेलं असतं की कॅमेरे, दागिने, नाजूक वस्तू चेक-इन सामानात ठेवू नका. तुम्ही ठेवल्यात तर मग भांडत बसायचं.

मामा : विमा असतो.

स्नेहल : विम्याचा कागदही वाचायचा असतो. चेक-इन केलेलं सामान त्यात धरलंय का, धंद्यासाठी वापरलेला कॅमेरा धरलाय का, हे आधी बघायचं. प्रत्येक बॉडीचा आणि लेन्सचा क्रमांक, बिल, फोटो. मी ती यादी फोनवर ठेवते आणि एक प्रत घरी.

मामा : हे मात्र बरोबर बोललीस. आणि पेटीला काही झालेलं दिसलं तर विमानतळाबाहेर पडायच्या आधी पट्ट्याशेजारच्या काउंटरवर लेखी नोंद करायची. घरी येऊन फोन करणाऱ्याचं कुणी ऐकत नाही.

स्नेहल : आंतरराष्ट्रीय प्रवासात मोडतोडीची लेखी तक्रार सामान हातात आल्यापासून ७ दिवसांत गेली पाहिजे, हे तर करारातच आहे. पण मला तक्रार करायचीच नाही, मामा. मला गेंड्याचा फोटो काढायचाय. वर्षभर ठरवून, सुट्टी घेऊन, सफारीचे पैसे भरून तिथं पोचायचं आणि लेन्स कुठल्यातरी तिसऱ्याच विमानतळावर. ती भरपाई कोण देणार?

मामा काही वेळ बोलले नाहीत. मलाही स्नेहलचा हा मुद्दा सर्वांत वजनदार वाटतो. लग्नाच्या कामात पेटी उशिरा आली तर शहरात दुसरा कॅमेरा भाड्यानं मिळतो. काझीरंग्याच्या कोहोरा भागात मुक्कामी असताना ६०० मिमीची लेन्स आणायची कुठून? जिथं जायचं तिथं काय मिळू शकतं आणि काय मिळणारच नाही, याचं उत्तर आधी काढलं तर अर्धं सामान आपोआप आपापल्या जागी जातं. चार्जर गुवाहाटीत मिळेल, ट्रायपॉडही मिळेल. जे मिळणार नाही ते नजरेआड करायचं नाही.

पण मामांकडे याला उत्तर होतं आणि ते तराजूवरचं होतं.

मामा : ठीक. सगळं पाठीवर घे. वजन कर.

स्नेहल : झेड ९ बॅटरीसकट १,३४० ग्रॅम. ६०० ची लेन्स ३,२६०. दुसरी बॉडी झेड ८, ९१०. चोवीस-एकशेवीसची लेन्स ६३०. मिळून सहा किलो एकशे चाळीस.

मामा : आणि बॅग?

स्नेहल : कॅमेऱ्याची आहे ती रिकामी अडीच किलो.

मामा : झाले साडेआठच्या पुढे. परवानगी किती?

स्नेहल : सात.

मामा : मग?

आपल्याकडे इकॉनॉमी वर्गात बहुतेक कंपन्या केबिनमध्ये ७ किलोची एकच हँडबॅग देतात, माप साधारण ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर. काउंटरवर रोज वजन होतंच असं नाही, म्हणून पुष्कळ जण नशिबावर हवाला ठेवून जातात. मला हे पटत नाही. दहा लाखांची वस्तू काउंटरवरच्या माणसाच्या मूडवर सोडायची असेल तर ती बॅगेत ठेवली काय अन् पेटीत ठेवली काय, फरक उरत नाही. आणि केबिनच्या मापाच्या कडक पेट्यांचं गणित तर फारच वाईट. पेलिकन १५१० ही केबिनमध्ये नेण्यासाठी नावाजलेली पेटी फोमसकट सहा किलोच्या वर भरते. सातातून ती वजा केली की स्नेहलची एक बॉडीसुद्धा बसत नाही. त्याच कंपनीची हलकी १५३५ एअर चार किलोच्या आसपास आहे. तीत बॉडी आणि मध्यम लेन्स जाईल, ६०० नाही.

स्नेहल : म्हणून मी कॅमेऱ्याची बॅग नेणारच नाही. साधी ट्रेकिंगची पातळ बॅग, सव्वा किलोची. आत फक्त कप्प्यांचा फोमचा इन्सर्ट, सहाशे ग्रॅमचा. तीत ६०० आणि झेड ९. झेड ८ आणि छोटी लेन्स जॅकेटच्या खिशांत.

मामा : खिशांत? हे म्हणजे आडून नेणं झालं.

स्नेहल : आडून कशाला? अंगावरचे कपडे ते वजनात धरत नाहीत. आणि सुरक्षा तपासणीला मी स्वतःहून सगळं ट्रेमध्ये काढून ठेवते. तिथं घाई केली तरच घोटाळा होतो. बॉडी एका ट्रेमध्ये, लेन्स दुसऱ्यात, एकावर एक नाही. ट्रे आत सरकेपर्यंत मी फ्रेममधून पलीकडे जात नाही.

मामा : माझे रोल? मी अजून मीडियम फॉरमॅटवर काढतो. परवा एक जण म्हणाला, नव्या मशीननं रोल जातात.

स्नेहल : खरंय. मेमरी कार्डाला एक्स-रेनं काही होत नाही. पण फिल्मचा रोल चेक-इन सामानात कधीच टाकायचा नाही, तिथला एक्स-रे जोरकस असतो. आणि आता काही विमानतळांवर हँडबॅगेसाठीही सीटी पद्धतीची मशीनं येताहेत. त्यांतून न धुतलेला रोल गेला तर धुरकट होऊ शकतो. कोडॅकही हेच सांगतं. पारदर्शक पिशवीत रोल वेगळे ठेवायचे आणि हातानं तपासा म्हणून विनंती करायची. ती मानतीलच असं नाही, म्हणून वेळ हाताशी ठेवून जायचं.

मामा : हे समजलं. आता मला सांग, कोल्हापूरहून विमान कुठलं?

स्नेहल : एटीआर.

मामा : मग तुझी बॅग पाठीवर राहतेय कशावरून?

इथं वादाची गाडी रुळावर आली असं मला वाटतं. एटीआर ७२ हे पंख्यांचं छोटं विमान. त्याचे वरचे कप्पे उथळ असतात. जी बॅग मोठ्या विमानात सहज मावते ती तिथं आडवी-तिडवी करूनही बसत नाही. मग विमानाच्या शिडीपाशी कर्मचारी हात पुढे करतो, बॅगेला टॅग बांधतो आणि बॅग पोटात जाते. मोठ्या विमानातही शेवटी चढणाऱ्यांवर ही वेळ येते, कारण तोवर कप्पे भरलेले असतात.

पेटी बरी की पाठ, यावर लोक वर्षानुवर्षं बोलतात. पण माझ्या मते खरा धोका या दोन्हींत नाही. तो या तिसऱ्या प्रसंगात आहे. पाठीसाठी भरलेली मऊ बॅग, आत घट्ट फोम नाही, कुलूप नाही, वर नाजूक म्हणून चिठ्ठी नाही, आत सुट्या बॅटऱ्या, आणि ती निघाली विमानाच्या पोटात. पेटीवाल्यांची सुरक्षितता तिच्यात नाही आणि पाठवाल्यांची नजरही तिच्यावर नाही. शिवाय अशा वेळी मागे रांग उभी असते, कर्मचारी घाईत असतो आणि आपलं डोकं चालेनासं होतं. म्हणून केबिनची बॅग भरताना ती शिडीपाशी काढून घेतली जाणार आहे असं समजूनच भरली पाहिजे.

स्नेहल : त्यासाठीच तो इन्सर्ट वेगळा आहे, मामा. वरची चेन उघडली की कप्प्यांसकट अख्खा बाहेर निघतो. त्याला दोन पट्टे शिवून घेतलेत. बॅग मागितली तर रिकामी बॅग देणार, इन्सर्ट मांडीवर किंवा पुढच्या सीटखाली.

मामा : आणि बॅटऱ्या?

स्नेहल : बॅटऱ्या बॅगेत नसतातच. कमरेच्या पाऊचमध्ये.

बॅटऱ्यांबद्दल इथं थांबून सांगायला हवं, कारण पेटीच्या तटातले पुष्कळ लोक अजूनही चार्जरच्या कप्प्यात सुट्या बॅटऱ्या टाकून पेटी बंद करतात. हे नियमाविरुद्ध आहे. सुटी लिथियम बॅटरी आणि पॉवर बँक चेक-इन सामानात चालत नाही. ती केबिनमध्येच न्यायची, तीही टोकं झाकून: मूळच्या प्लॅस्टिकच्या टोपीत, वेगळ्या पिशवीत किंवा टोकांवर चिकटपट्टी लावून. कॅमेऱ्यात बसवलेली बॅटरी कॅमेरा पूर्ण बंद असेल तर पोटात जाऊ शकते. पण तीच बाहेर काढून शेजारी ठेवली की सुटी ठरते. पेटी एक्स-रेमध्ये सापडली तर तुमच्या नावाचा पुकारा होतो, किंवा पेटी मागे राहते आणि तुम्ही पुढे जाता.

मामांना यामागचं कारण हवं होतं. नुसता नियम सांगितला तर ते मानत नाहीत, आणि तसं असावंही.

मामा : पोटात पेटली काय आणि वर पेटली काय, विमान तेच ना?

स्नेहल : विमान तेच, पण वर माणसं असतात. लिथियम बॅटरीत आतल्या आत शॉर्ट झालं की ती स्वतःच तापत जाते, एका सेलची उष्णता शेजारच्या सेलला पेटवते. पोटात आग विझवायला हॅलॉन वायू असतो. तो ज्वाळा दाबतो, पण बॅटरीचं ते तापणं थांबवत नाही. वर केबिनमध्ये धूर दिसतो, वास येतो, कर्मचारी पाणी ओतून बॅटरी गार करू शकतात. ३ सप्टेंबर २०१० ला दुबईहून निघालेलं यूपीएस कंपनीचं मालवाहू ७४७ पडलं. त्यात लिथियम बॅटऱ्यांचा माल होता. कॉकपिट धुरानं भरलं आणि दोन्ही वैमानिक गेले.

मामा : दुबई... अरे देवा.

स्नेहल : आणि जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर एक एअरबस उडायच्या आधीच पेटली. आग वरच्या कप्प्यात लागली. सगळे बाहेर पडले. पॉवर बँकेत आतून शॉर्ट झालं असावं, असं तपासात पुढे आलं. त्यानंतर कोरियानं पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायलाच मनाई केली. म्हणून मी म्हणते, बॅटऱ्या वरच्या कप्प्यातही नकोत. अंगावर.

मामा : माझ्या फ्लॅशच्या त्या मोठ्या बॅटऱ्या?

स्नेहल : त्यावर व्होल्ट किती लिहिलेत?

मामा : २८.८.

स्नेहल : आणि अँपिअर-अवर?

मामा : २.६.

स्नेहल : गुणायचं. ७५ च्या आसपास वॉट-अवर. १०० पर्यंत चालतं, विचारावंही लागत नाही. १०० ते १६० असेल तर कंपनीची आधी परवानगी, आणि सुट्या फक्त दोन. १६० च्या वर असेल तर प्रवाशाच्या सामानात जागाच नाही, केबिनमध्ये नाही आणि पोटातही नाही. माझी कॅमेऱ्याची लहान बॅटरी १६ ची असते. २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ ची. व्हिडिओवाल्यांच्या त्या पाठीमागं लावायच्या बॅटऱ्या बघा, पुष्कळशा मुद्दाम ९८ च्या केलेल्या असतात. आकडा बॅटरीवर छापलेला पाहिजे. पुसला गेला असेल तर तपासणीला आपण कितीही सांगितलं तरी उपयोग नाही.

मामा : म्हणजे माझ्या पेटीतून बॅटऱ्या गेल्या. लेन्स गेली. मग पेटीत राहिलं काय?

स्नेहल : पुष्कळ राहिलं. ट्रायपॉड, गिंबल हेड, चार्जर, माझी दुसरी लेन्स ती एकशेऐंशी-सहाशे, पावसाचं कव्हर, कपडे. ॲलन की आणि पाना तर पेटीतच हवा, वर नेला तर काढून घेतील. रबरी ब्लोअरही पेटीत. एक्स-रेवर त्याचा गोळा बघून उगाच विचारणा नको.

मामा : हवेचा स्प्रे?

स्नेहल : दाबलेल्या वायूचा डबा कुठंच नाही. घरी ठेवा.

एकशेऐंशी-सहाशे पेटीत जाणार, हे ऐकून मामांचा चेहरा खुलला. दोन किलोच्या आसपासची ती लेन्स ६०० च्या एफ/४ इतकी तेजस्वी नाही, पण ६०० पर्यंत पोचते. पेटी हरवली तर हळहळ वाटेल, काम थांबणार नाही. उलट पाठीवरची बॅग काही कारणानं गेली, तर पेटीतल्या लेन्सवर आणि खिशातल्या झेड ८ वर सफारी पार पडेल. कुठलीही एक जागा गेली तरी एक संपूर्ण जोडी हाती राहावी, इतका साधा विचार आहे. पण लोक सामान आकारानुसार वाटतात. मोठ्या वस्तू पेटीत आणि लहान बॅगेत, असं केलं की एकही जागा एकटी पुरी पडत नाही. सगळ्या बॉडी एका ठिकाणी आणि सगळ्या लेन्स दुसऱ्या ठिकाणी, हे तर सर्वांत वाईट.

मामा : मग आता पेटीचं माझं ऐक. ही नवी आहे, हिला हवेची झडप आहे. माझ्या जुन्या ॲल्युमिनियमच्या पेटीला नव्हती, पण ती हवाबंदही नव्हती; ओल आत यायची. हवाबंद पेटीला झडप लागतेच. विमानाच्या पोटातही केबिनसारखाच दाब राखतात, पण तो जमिनीवरच्यापेक्षा कमी. वर गेल्यावर पेटीतली हवा बाहेर पडते, खाली आल्यावर बाहेरचा दाब झाकण आत दाबतो. झडप हवा आत घेत नसली तर झाकण उघडता उघडत नाही. ती झडप धुळीनं बुजलेली नाही ना, हे बघून घ्यायचं.

स्नेहल : हे मला माहीत नव्हतं.

मामा : दुसरं. पोटात गार असतं. उतरल्यावर खोलीत नेलीस की लगेच उघडायची नाही. गार काचेवर ओली हवा लागली की घाम येतो. बाहेरून पुसता येतो, आतल्या काचांवर नाही. पेटी तशीच बंद ठेव, खोलीइतकी गरम होऊ दे. चहा पी, जेव, मग उघड. पाठीवरच्या बॅगेलाही हेच. केबिनच्या कोरड्या गारव्यातून गुवाहाटीच्या हवेत गेलीस की चेन लावलेलीच ठेवायची. आणि पहाटे जीपमधून थंडीत फिरून खोलीत आलीस तरी तेच.

स्नेहल : सिलिका जेलच्या पुड्या आहेत.

मामा : पुड्या आहेत, पण त्यांचा रंग बघितलास का? निळे खडे गुलाबी झाले म्हणजे भरले. तव्यावर मंद आचेवर तापवून घे. आणि परत आल्यावर हे सामान पेटीत ठेवून द्यायचं नाही. प्रवासापुरतीच पेटी. फोम ओल धरून ठेवतो. आपल्याकडं जून-जुलैत पेटीत महिनाभर राहिलेल्या लेन्सला बुरशी आलेली मी डोळ्यांनी बघितलीय, जाळ्यासारखी. पेटीवर एवढा जीव आहे माझा, पण घरात मी लेन्स त्यात ठेवत नाही.

प्रवासात वापरायची वस्तू आणि साठवणीची वस्तू वेगळी असते, हे इतकं सरळ आहे. तरी कोकणात आणि घाटमाथ्यावर लेन्सला लागणाऱ्या बुरशीमागे कपाटात बंद पडलेल्या बॅगाच फार असतात. कोरड्या हवेची पेटी घ्यावी, नाहीतर घट्ट झाकणाचा डबा, आत जेल आणि आर्द्रता दाखवणारा लहानसा काटा. डब्याला वीजही लागत नाही.

मामा : परदेशी जाशील तेव्हा अजून एक कागद. मुंबईहून निघताना कस्टमच्या काउंटरवर सामान दाखवून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्यायचं. त्यात प्रत्येक वस्तूचा क्रमांक येतो. परत आल्यावर हे तिकडून विकत आणलंय का, असं विचारलं तर तो कागद पुढे करायचा. पेटी चेक-इन करायच्या आधी जायचं; नाहीतर वस्तू दाखवणार कशी? टीम घेऊन कामाला जात असशील आणि तो देश मानत असेल तर कार्नेट, म्हणजे सामान तात्पुरतं नेऊन परत आणायचा कस्टमचा कागद, तो आपल्याकडे फिक्कीमार्फत मिळतो.

स्नेहल : आणि मामा, पेटीवर ते कंपनीचं स्टिकर?

मामा : काढून टाक. कॅमेऱ्याचं नाव लिहिलेली पेटी सगळ्यांना सांगत सुटते आत काय आहे ते. आपलं नाव आणि फोन पुरे, आणि आतही एक चिठ्ठी.

स्नेहल : कार्डं परतीला दोन जागी. मूळ कार्डं माझ्या अंगावर, रोज रात्री काढलेली प्रत एसएसडीवर, ती पेटीत. कार्डं पुसायची ती घरी येऊन तिसरी प्रत झाल्यावर.

मामा : परतीला माणूस थकलेला असतो. जाताना कोंबडं आरवायच्या आधी उठून नीट भरतो आणि येताना रात्री बारा वाजता कसंतरी कोंबतो. म्हणून भरलेल्या पेटीचा आत्ताच फोटो काढून ठेव, म्हणजे तिथं झोपेतही बसवता येईल. चल, काटा आण.

स्नेहल : बॅग ६ किलो ६५० ग्रॅम. पेटी १४ किलो ४००.

मामा : पंधरात बसली. पण ६०० अजून मला पटलेली नाही. मी असतो तर तिला वेगळी पेटी केली असती, किंवा शेजारची सीट विकत घेतली असती. काही कंपन्या नाजूक सामानासाठी देतात.

स्नेहल : मला नाही परवडत, मामा. आणि ती मी पोटात जाऊ देणार नाही.

मामा : बरं. मग मी शिडीपाशी उभा आहे, मागं पन्नास माणसं आहेत. बॅग द्या, मॅडम.

स्नेहलनं चेन उघडली, इन्सर्ट पट्ट्यांनी बाहेर ओढला. एक पट्टा लेन्सच्या पायात अडकला.

मामा : अडकला. पट्टा इकडून शिवून घे. परत कर.